टाळ्यांचें ऋण

नरखेड-काटोलकडील संत्र्याच्या बागाइतदारास बहराचें गणित कोणी शिकवावें लागत नाहीं. अंबिया घ्यावा कीं मृग घ्यावा, झाडास ताण केव्हां द्यावा, आणि हातीं आलेल्या पैशांतून पुढच्या वाईट वर्षासाठीं किती बाजूस ठेवावें, हें त्यास वाडवडिलांपासून ठाऊक असतें. एक बहर फुकट गेला तरी झाड उभें आहे तोंवर दुसऱ्याची आशा असते. खेळाडूच्या आयुष्यास मात्र एकच बहर. तो विसाव्या वर्षाच्या सुमारास येतो आणि बहुधा पस्तिशीच्या आंत ओसरतो. ज्या वयांत वकील नुकता नांवारूपास येऊं लागतो, डॉक्टरचा दवाखाना नुकता भरूं लागतो, त्या वयांत खेळाडूचें काम संपलेलें असतें. पुढचीं तीस-चाळीस वर्षें त्यानें कशावर काढावीं, याचा विचार त्याच्यासाठीं टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं केलेला असतो.

मधूनमधून वर्तमानपत्रांत एखादी लहानशी बातमी येते : अमुक एक जुना फुटबॉलपटु आजारी असून हलाखींत आहे, आणि त्याच्या चाहत्यांनीं त्याच्यासाठीं फंड उघडला आहे. आपण ती वाचतों, ‘काय ही दशा!’ असें म्हणून हळहळतों. कोणी पांचशें रुपये पाठवितो, कोणी तेंही करीत नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं ती बातमी रद्दींत जाते. परंतु त्या बातमीच्या पोटीं एक प्रश्न दडलेला असतो. हा पैसा कोणत्या नात्यानें द्यावयाचा? ती भिक्षा आहे, बक्षीस आहे, कीं देणें आहे? त्यास कोणतें नांव द्यावें यावर देण्याची रीत ठरते, आणि घेणाराची मान वर राहणार कीं खालीं जाणार, हेंही ठरतें.

इंग्लंडांत हा प्रश्न एकदां थेट न्यायासनापुढें गेला होता. केंट परगण्याकडून खेळणारा जेम्स सेमूर नांवाचा एक धंदेवाईक क्रिकेटपटु होता. त्याच्या दीर्घ सेवेबद्दल १९२० सालीं एका सामन्याचें उत्पन्न त्याच्यासाठीं राखून ठेवण्यांत आलें. तिकडे अशा सामन्यास ‘बेनिफिट’ म्हणतात. आयकर खात्यानें ही रक्कम पगारासारखीच धरून तिच्यावर कर मागितला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें, आणि १९२७ सालीं असा निकाल झाला कीं, हा पगार नव्हे. लोकांनीं खेळाडूच्या गुणांवर संतुष्ट होऊन त्यास दिलेली ही देणगी होय. सेमूरचा त्यांत लाभच झाला. परंतु खेळाडूंच्या जातीची खरी अडचण नेमकी याच निकालांत उघडी पडते. पगार मागतां येतो, देणगी मागतां येत नाहीं. म्हणजे ज्या गोष्टीवर हक्क सांगतां येत नाहीं अशा गोष्टीवर त्याचें म्हातारपण टांगलेलें राहतें.

फुटबॉलच्या जगांतील दोन उदाहरणें घेऊं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठीं तेवीस सामन्यांत बावीस गोल करणारा टॉमी लॉटन निवृत्तीनंतर कर्जबाजारी झाला, तेव्हां एव्हर्टन या त्याच्या जुन्या क्लबच्या मैदानावर १९७२ च्या नोव्हेंबरांत त्याच्या मदतीसाठीं सामना भरविण्यांत आला. पुढच्याच वर्षीं, १९ डिसेंबर १९७३ रोजीं, ब्राझीलमध्यें रिओ शहरांतील माराकाना मैदानावर गारिंशासाठीं असाच सामना झाला. त्यास सुमारें एक लाख एकतीस हजार प्रेक्षक लोटले होते. वांकड्या पायांचा हा खेळाडू १९५८ व १९६२ अशा दोन विश्वचषकांचा मानकरी. चेंडू त्याच्या पायाशीं आला कीं समोरच्याची त्रेधा उडे. त्या रात्रीं जमलेल्या पैशानें त्याचें उरलेलें आयुष्य सुखांत जावयास हवें होतें. तसें झालें नाहीं. दारूनें पोखरलेल्या शरीरानें, विपन्नावस्थेंत, तो २० जानेवारी १९८३ रोजीं पन्नाशी गांठण्यापूर्वींच वारला. एका रात्रींत लाखभर लोकांनीं दिलेली माया दहा वर्षेंही पुरली नाहीं. थैली मोठी असली कीं प्रश्न सुटला, असें मानणाऱ्यांनीं गारिंशाची कथा विसरूं नये.

आपल्याकडे खेळाडूसाठीं वर्गणी गोळा करण्याची सर्वांत थोर गोष्ट घडली ती त्याच्या म्हातारपणीं नव्हे, तर ऐन उमेदींत. कऱ्हाड तालुक्यांतील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनें लंडनच्या ऑलिंपिकला गेले व कुस्तींत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची पाळी आली तेव्हां प्रवासखर्चासाठीं त्यांस दारोदार हिंडावें लागलें. गांवकऱ्यांनीं यथाशक्ति वर्गणी दिली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसरें मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. ते परतले तेव्हां शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें त्यांस गांवांत नेण्यांत आलें.

मिरवणूक सर्वांच्या लक्षांत राहिली. परंतु तिच्याहून मोठी गोष्ट नंतर घडली. खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचें कर्ज फेडून टाकलें. समाजानें जें दिलें तें या मानी मल्लानें अंग घासून परत केलें. समाजानें त्यांचें किती फेडलें? १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर झाले. बढती मिळाली ती नोकरीच्या अगदीं शेवटीं. निवृत्तीनंतरचा काळ ओढगस्तीचा गेला. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार लाभला तो २००० सालचा, मरणोत्तर. जिवंतपणीं ज्यास भाकरीची विवंचना, त्यास मृत्यूनंतर पुतळा, ही आपल्या कृतज्ञतेची जुनी खोड आहे.

आतां अलीकडचें उदाहरण पाहूं. बडोद्याचे अंशुमान गायकवाड हें नांव आमच्या पिढीस चांगलें परिचित. त्यांचे वडील दत्ताजीराव गायकवाड हे १९५९ सालीं इंग्लंडांत भारतीय संघाचे कर्णधार होते. अंशुमान चाळीस कसोटी सामने खेळले. १९७६ सालीं किंग्स्टनच्या मैदानावर वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढें त्यांनीं एक्याऐंशीं धांवा केल्या आणि कानावर चेंडू लागून रक्तबंबाळ झाल्यावरच ते मैदानाबाहेर आले. १९८३ सालीं जालंदर येथें पाकिस्तानाविरुद्ध ६७१ मिनिटें खेळपट्टीवर ठाण मांडून त्यांनीं २०१ धांवा काढल्या. असा हा चिवट पुरुष रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडून लंडनच्या रुग्णालयांत उपचार घेत होता. पैसा अपुरा पडत असल्याचें त्यांच्या तोंडून संदीप पाटील यांस कळलें, व पाटील यांनीं तें लेखणीनें जगापुढें मांडलें. पाटील व दिलीप वेंगसरकर यांनीं क्रिकेट नियामक मंडळाकडे शब्द टाकला. कपिल देव यांनीं सुनील गावसकर, मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, कीर्ति आझाद अशा जुन्या सोबत्यांसह निधि जमविण्याचें मनावर घेतलें, आणि कुटुंबाची संमति असल्यास आपलें निवृत्तिवेतन देण्याची तयारी दाखविली. १४ जुलै २०२४ रोजीं मंडळानें एक कोटि रुपये देण्याचें जाहीर केलें. ३१ जुलै रोजीं, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनीं, गायकवाड वडोदऱ्यास निवर्तले.

सोबत्यांनीं आपलें कर्तव्य केलें. त्यांच्या मैत्रीस कोणीही नांव ठेवूं शकणार नाहीं. परंतु कसोटी खेळलेल्या, राष्ट्रीय संघाचें मार्गदर्शन केलेल्या माणसासही संकटांत मित्रांच्या आवाहनावर विसंबावें लागलें. मग ज्याचे मित्र कपिल देव नाहींत त्यानें कोणाच्या तोंडाकडे पहावें? आणि दुसरें असें कीं, आवाहन उशिरा होतें. मानी माणूस अगदीं गळ्याशीं येईपर्यंत बोलत नाहीं. तोंवर घरांतील बाईनें दागिने मोडलेले असतात, ओळखीच्या दुकानदाराकडे उधारी तुंबलेली असते, आणि आजार हाताबाहेर गेलेला असतो. खेळाडूच्या कीर्तींत तिचा वांटा नव्हता. ओढगस्तींत मात्र सर्वांत मोठा वांटा तिच्याच पदरीं येतो.

तिसरें उदाहरण याहून अवघड आहे, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगें. विनोद कांबळी हे मुंबईच्या कांजूरमार्गच्या वस्तींतून आलेले. १९८८ सालीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत सचिन तेंडुलकर यांच्यासह त्यांनीं ६६४ धांवांची अभेद्य भागीदारी केली. त्यांत कांबळींच्या ३४९. सतरा कसोटींत १०८४ धांवा, सरासरी ५४.२०, आणि १९९३ या एकाच वर्षांत दोन द्विशतकें. इतकें सारें असून त्यांची कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षींच आटोपली. २०२२ सालीं त्यांनीं स्वतः सांगितलें कीं, मंडळाचें तीस हजारांचें मासिक निवृत्तिवेतन हेंच आपलें एकमेव उत्पन्न आहे. २०२४ च्या अखेरीस त्यांची ढासळलेली प्रकृति सर्वांनीं चित्रफितींत पाहिली आणि देश हळहळला. त्याच वेळीं पुष्कळ घरांतून दुसराही सूर निघाला : ‘मिळालें तेव्हां उधळलें, व्यसन जडवून घेतलें; आतां लोकांनीं कां द्यावें?’

हा आक्षेप केवळ निष्ठुरपणाचा आहे असें म्हणून उडवून देतां येणार नाहीं. काटकसरीनें संसार करणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबास तो सुचणें साहजिक आहे. परंतु जरा विचार करावा. एकविसाव्या वर्षीं अफाट पैसा व अफाट स्तुति एकदम अंगावर कोसळल्यास किती जणांचें डोकें ठिकाणावर राहील? त्या स्तुतींत आपलाही आवाज होताच. शिवाय खालीं पडलेल्या माणसाच्या पूर्वचरित्राची चौकशी करून मगच त्यास हात द्यावयाचा असेल, तर हात देण्याची वेळ क्वचितच येईल. उलट, अविचारानें हातीं पैसा कोंबणें हीही मदत नव्हे. गारिंशाच्या कथेचा धडा तोच आहे. १९८३ च्या विश्वविजेत्या संघांतील मंडळींनीं कांबळी यांस मदत देऊं केली ती व्यसनमुक्तीचे उपचार घेण्याच्या अटीवर. ही अट अपमानाची नसून वडीलकीची होती. आणि सुनील गावसकर यांनीं १९९९ सालीं स्थापिलेल्या ‘चॅम्प्स’ या संस्थेनें १ एप्रिल २०२५ पासून त्यांस दरमहा तीस हजार रुपये तहहयात, व औषधोपचारासाठीं वर्षास आणखी तीस हजार, अशी व्यवस्था केली. येथें थैली नाहीं, समारंभ नाहीं. महिन्याच्या महिन्यास येणारी निश्चित रक्कम आहे. आमच्या मतें मदतीची सर्वांत शहाणी रीत हीच.

क्रिकेटपटूंची निदान एवढी तरी सोय आहे. त्यांच्या मंडळाकडे पैसा आहे, आणि २००४ पासून निवृत्तिवेतनाची पद्धति चालू आहे. फुटबॉल, कुस्ती, कबड्डी यांची गोष्ट निराळी. एके काळीं फुटबॉलपटूस रेल्वे, बँका, टाटा, मफतलाल, महिंद्र अशा ठिकाणीं नोकरी मिळे. तो कचेरीच्या संघांतून खेळे आणि खेळ संपला तरी टेबल-खुर्ची शाबूत राही. साठीनंतर पेन्शन किंवा प्रॉव्हिडंट फंड हातीं येई. मुंबईंत १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या वैभवास अशा कचेऱ्यांच्या संघांचा मोठा टेकू होता. पुढें ते संघ एकेक करून मिटले. महिंद्रचा संघ २०१० सालीं बंद झाला. आतां करारावर खेळणारास पैसा एकदम अधिक मिळतो, परंतु करार संपला कीं नातेंही संपतें. ज्याचा गुडघा सत्ताविसाव्या वर्षीं निकामी झाला, त्याच्यामागें ना कचेरी, ना पेन्शन.

सरकारनें कांहींच केलेलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. हलाखींत असलेल्या नामवंत खेळाडूंसाठीं केंद्र सरकारनें १९८२ सालीं कल्याणनिधि स्थापिला. आज तो पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवानें चालतो, आणि त्यांतून आजारासाठीं व निर्वाहासाठीं मदत मिळूं शकते. १९९४ पासून ऑलिंपिक, आशियाई वगैरे स्पर्धांतील पदकविजेत्यांस निवृत्तिवेतनही आहे. आपलें राज्य सरकार वृद्ध मल्लांस मानधन देतें. परंतु या सर्व योजनांचें दार पदकाच्या किल्लीनें उघडतें. ज्यानें तीस वर्षें तालुक्याची मैदानें गाजविलीं, जिल्ह्याच्या संघाची धुरा वाहिली, चार गांवांतील पोरांस खेळ शिकविला, पण ज्याच्या पेटींत राष्ट्रीय पदक नाहीं, तो या दाराबाहेरच राहतो. त्यास ओळखणारे आपणच, आणि त्याचे ऋणकोही आपणच.

आमच्या तालुक्यास संकट व मदत या दोन्ही गोष्टी नव्या नाहींत. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीच्या पुरानें मोवाड गांव धुऊन नेलें. दोनशेच्या घरांत माणसें दगावलीं. पुराची बातमी एका दिवसांत सर्वत्र पोंचते आणि माणसाचें काळीज हलतें. दारिद्र्याचा पूर मात्र असा येत नाहीं. तो भिंतींत मुरणाऱ्या ओलीसारखा येतो; बाहेरून रंग दिसत असतो आणि आंतून भिंत भुसभुशीत झालेली असते. म्हणून पुराच्या वेळची मदत आणि वृद्ध खेळाडूस द्यावयाची मदत यांची रीत एक असून चालणार नाहीं. पहिली तातडीची हवी, दुसरी टिकाऊ हवी.

ती टिकाऊ कशी करावी याबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. नरखेड, जलालखेडा, सावरगांव, मोवाड यांपैकीं कोठेंही त्या होण्याजोग्या आहेत. प्रथम, त्या घरीं जाऊन गाजावाजा न करतां चौकशी करावी, आणि ती करतांना घरांतील स्त्रीचें म्हणणें अवश्य ऐकावें. कारण खरा आंकडा तिलाच ठाऊक असतो. दुसरें, पांच जणांची एक समिति करावी. तींत एक हिशेब जाणणारा, एक डॉक्टर आणि निदान एक गृहिणी असावी. तिसरें, जमलेला पैसा एकदम हातीं न देतां मुद्दल सुरक्षित ठेवून दरमहा ठराविक रक्कम बँकेंत जमा करावी, आणि औषधाचें बिल परस्पर भागवावें. शंभर घरांनीं महिन्यास शंभर रुपये दिले तर दहा हजार होतात, वर्षाचे एक लाख वीस हजार. एका वृद्ध जोडप्याच्या चुलीस एवढा आधार कमी नव्हे, आणि देणाऱ्या घरास तो जड जाऊं नये. चौथें, कायद्याकडे डोळेझांक करूं नये. सेमूरच्या देणगीस कर लागला नाहीं. परंतु आपल्याकडे नातलगांखेरीज इतरांकडून वर्षांत पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली तर ती घेणाराच्या उत्पन्नांत धरली जाते. रीतसर नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत मदत दिल्यास ही अडचण सहसा येत नाहीं. जाणत्या हिशेबनिसास आधीं विचारून घ्यावें, आणि वर्षाअखेर जमाखर्च सर्वांपुढें मांडावा. हिशेब उघडा असला म्हणजे संशयास जागा राहत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घेणारास कांहीं देतां यावें अशी सोय ठेवावी. खाशाबांनीं कर्ज फेडलें त्यांत जो स्वाभिमान होता तो प्रत्येक खऱ्या खेळाडूंत असतो. अंग थकलें तरी डोळा थकलेला नसतो. पोराचें पाऊल चुकलें कोठें, हें त्यास लांबूनही दिसतें. नागपुरांत हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांस फुटबॉलकडे वळविलें आणि त्यांतून कित्येकांचीं आयुष्यें मार्गास लागलीं. २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्याच कार्यावरून सुचलेला. शाळा सुटल्यावर तासभर मैदानावर खुर्ची टाकून बसणारा एखादा जुना खेळाडू मुलांस लाभला, आणि त्याबद्दल त्यास मानधन मिळालें, तर ती भिक्षाही राहत नाहीं आणि उपकारही राहत नाहीं. ज्यास तेवढेंही जमत नसेल त्यास विनाअट द्यावें. आणि धनादेश हातीं देतांना त्याचें छायाचित्र काढून तें चारचौघांत मिरवूं नये. ज्याचें छायाचित्र एके काळीं विजयाच्या वेळीं छापलें गेलें, त्याचें याचकाच्या रूपांत पुन्हां छापणें म्हणजे दिलेलें हिसकावून घेणें होय.

न्यायालय अशा पैशास देणगी म्हणतें. त्यास तसें म्हणूं द्यावें. परंतु ज्यांनीं कुंपणावर बसून, रेडिओस कान लावून, परीक्षेचा अभ्यास बाजूस सारून त्या खेळाचा आनंद लुटला, त्यांनीं आपल्या घरच्या वहींत ही रक्कम देणगीच्या सदराखालीं लिहूं नये. जुनी बाकी म्हणून लिहावी, आणि दरमहा फेडीत जावी.